बरा झाल्याची शिक्षा

चिंचवडहून आकुर्डीकडे जाताना लोकलच्या खिडकीतून बाहेर पाहा. रुळांलगतच्या भिंतींवर हातभर उंचीची अक्षरं रंगवलेली दिसतील: गुप्तरोग, मर्दानी कमजोरी, हमखास इलाज, आणि खाली मोबाईल नंबर. महामार्गाच्या कडेला जडीबुटीवाल्यांचे तंबू आहेतच. ज्या रस्त्याने तुकोबांची पालखी आकुर्डीच्या मुक्कामाला येते, त्या रस्त्याचे विजेचे खांबही असल्या पत्रकांमधून सुटलेले नाहीत. आमच्या या औद्योगिक नगरीत पुरुषाच्या जननेंद्रियाबद्दल मोकळेपणाने बोलणारा असा हा एकच वर्ग उरला आहे, आणि तो भोंदूंचा आहे. आई-बाप, मास्तर, सुपरवायझर, युनियनचे पुढारी, इतकंच काय पण कितीतरी डॉक्टरसुद्धा या विषयावर तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेले.

या जाहिराती बेकायदेशीर आहेत, हेही अनेकांना ठाऊक नसतं. औषधे आणि जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा १९५४ सालचा. कोणत्या आजारांवर इलाजाची जाहिरात करायची नाही, याची यादीच त्याला जोडलेली आहे. तीत कॅन्सर आहे आणि नपुंसकत्वही आहे. योगायोग असा की त्याच १९५४ साली पिंपरीच्या माळावर हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली. पुढे ती कंपनी सरकारदरबारी 'आजारी उद्योग' ठरली. जाहिराती मात्र अजून धडधाकट आहेत.

मला लिहायचं आहे ते वृषणाच्या कॅन्सरबद्दल, अंडकोशातल्या गोटीत होणाऱ्या. नाव वाचूनच काहींनी पान उलटलं असेल. त्यांच्यासाठीच हा लेख आहे, म्हणून त्यांनी परत यावं.

हा आजार आपल्याकडे दुर्मीळ आहे. भारतात वर्षाला लाख पुरुषांमागे एकापेक्षाही कमी. पण तो म्हातारपणाची वाट पाहत नाही. पंधरा ते चाळीस हे त्याचं मुख्य वय, म्हणजे ज्या वयाच्या पोरांवर भोसरीपासून चाकणपर्यंतचा सगळा पट्टा चालतो तेच. बीड, लातूर, धाराशिव, बुलढाण्याहून आयटीआय करून आलेला, महाळुंगे, निघोजे किंवा खराबवाडीत सहा जणांत एक खोली घेऊन राहणारा, फर्स्ट, सेकंड, नाइट अशा शिफ्टमध्ये खाट वाटून घेणारा पोरगा. लहानपणी ज्याची गोटी पोटातून खाली उतरली नव्हती, त्याला धोका अधिक.

आणि आता जी गोष्ट भिंतींवर रंगवायला हवी होती ती सांगतो: हा कॅन्सर बरा होतो. वेळेत सापडला तर शंभरातले पंचाण्णवहून अधिक बरे होतात. शरीरात पसरलेला असला तरीही बहुतेक जण वाचतात. पन्नास-साठ वर्षांपूर्वी असं नव्हतं. पसरला की मुलगा हातचा गेलाच समजायचं. १९६५ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये बार्नेट रोझेनबर्ग हे शास्त्रज्ञ जिवाणूंवर विजेचा काय परिणाम होतो ते पाहत होते. जिवाणूंचं विभाजन थांबलं, ते विजेने नव्हे तर विद्युतप्रवाहासाठी वापरलेल्या प्लॅटिनमच्या पट्ट्यांतून सुटलेल्या संयुगाने, असं त्यांना आढळलं. त्यातून सिस्प्लॅटिन हे औषध आलं. १९७४ साली इंडियाना विद्यापीठात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी ते आणखी दोन औषधांच्या जोडीने या कॅन्सरवर वापरलं आणि मरणाच्या दारातली पोरं घरी परतू लागली. २०१२ साली युवराज सिंगच्या छातीत जी गाठ निघाली, ती याच कुळातल्या पेशींची होती. त्याच्यावर उपचार केले तेही आइनहॉर्न यांनीच. त्याच वर्षी तो पुन्हा भारताकडून खेळला तेव्हा आपण टाळ्या पिटल्या. टाळ्या क्रिकेटपटूला. हाच इलाज घेऊन चाकणच्या कंपनीत परतलेल्या ऑपरेटरला आपण काय देतो, याचा हिशेब आता मांडू या.

पहिला गुन्हा उशिराचा. ही गाठ बहुधा दुखत नाही. एक गोटी जड वाटते, किंवा तिच्यावर कडक गुठळी लागते, बस्स. दुखत नाही म्हणून पोरगा बोलत नाही. बोलणार तरी कोणाला? शॉपफ्लोअरवर दर तिसरी शिवी आणि दर दुसरा विनोद याच अवयवावर. चहाच्या सुट्टीत तो हमखास हशा पिकवतो. पण त्याच कोंडाळ्यात "मला तिथं गाठ लागतेय" एवढं एक वाक्य उच्चारायची कुणाची छाती नाही. उच्चारलं तरी उत्तरं ठरलेली आहेत: डाय उचलताना मार बसला असेल, उष्णता झाली असेल, पाणी साचलं असेल, लंगोट बांध. मग मेडिकलवाल्याकडच्या गोळ्या, मग तंबूतला काढा. तोवर गाठ पोटात मणक्याजवळच्या ग्रंथींत पोचलेली असते आणि पोरगा पाठ दुखते म्हणून आयोडेक्स चोळत असतो.

हे अज्ञान आभाळातून पडलेलं नाही. २००७ साली महाराष्ट्रात शाळांतल्या लैंगिक शिक्षणाविरुद्ध विधिमंडळात गदारोळ झाला आणि संस्कृतीच्या नावाने तो कार्यक्रम बंद पाडण्यात आला. त्या वर्षी सातवी-आठवीत असलेला मुलगा आज तिशीत आहे, म्हणजे नेमका या कॅन्सरच्या वयात. त्याला आपण नऊ ग्रह आणि तीन पानिपतं शिकवली. महिन्यातून एकदा अंघोळीच्या वेळी दोन्ही गोट्या बोटांत धरून चाचपाव्यात, फरक वाटला तर सर्जन किंवा युरॉलॉजिस्टकडे जाऊन सोनोग्राफी करावी, एवढं सांगायला मात्र संस्कृती आडवी आली.

दुसरा गुन्हा मला अधिक भयंकर वाटतो, कारण तो शिकल्या-सवरल्यांकडून होतो. निदान झालं की जांघेत छेद घेऊन ती गोटी काढतात. अंडकोशावर छेद घ्यायचा नसतो. साधं हायड्रोसिल समजून कुणी तिथून चिरलं तर रोग पसरायच्या नव्या वाटा उघडतात आणि पुढचे उपचार अवघड होतात. रक्ताच्या तीन तपासण्या होतात. गरज असेल तर केमो. तीन औषधं, एकवीस दिवसांचं एक चक्र, बहुधा तीन किंवा चार चक्रं. आता त्या केमोच्या आधीच्या दिवशीचं दृश्य डोळ्यांसमोर आणा. अशा कितीतरी घरांतून ते सारख्याच तपशिलांनी ऐकायला मिळतं. तेवीस वर्षांचा, स्वतः कमावणारा, गावी पैसे पाठवणारा मुलगा खुर्चीत बसलाय. फाइल मात्र बापाच्या हातात. डॉक्टर बोलतात तेही बापाशी. केस जातील, उलट्या होतील, पांढऱ्या पेशी कमी होतील, बाहेरचं खाऊ नका. बाप खालच्या आवाजात विचारतो, "डॉक्टरसाहेब, याचं लग्न व्हायचंय अजून..." डॉक्टर म्हणतात, "आधी जीव वाचू द्या, ते मग पाहू." सही होते. सलाईन लागतं.

"ते मग पाहू" या तीन शब्दांनी किती जणांचं बापपण गेलं असेल, याची मोजदाद कुणी ठेवत नाही. कारण ते मग पाहायचं नसतंच. ते आधीच पाहायचं असतं. केमोने वीर्यातले शुक्राणू कमी होतात किंवा नाहीसे होतात. बहुतेकांचे वर्ष-दोन वर्षांत, काहींचे त्याहून उशिरा परत येतात; पण काहींचे येतच नाहीत, आणि ते कोण हे आधी कुणालाच सांगता येत नाही. त्यावर तोड आहे आणि ती सोपी आहे. केमोच्या आधी, जमल्यास शस्त्रक्रियेच्याही आधी, एक-दोन वेळा वीर्य देऊन ते उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवायचं. त्याला दोन-चार दिवस लागतात. बहुतेक रुग्णांच्या बाबतीत इलाज तेवढा थांबू शकतो. पुण्यात ही सोय आहे. सरकारी आरोग्य योजनेच्या कार्डावर ऑपरेशन होतं, केमो होते. वीर्य गोठवण्याचे पैसे मात्र खिशातून जातात. खर्च हप्त्यावर घेतलेल्या मोबाईलपेक्षा फार मोठा नसतो, पण तो करा म्हणून सांगणारं कुणी नसतं. डॉक्टरांना बापासमोर हस्तमैथुनाचा विषय काढायला संकोच वाटतो, बापाला मुलासमोर ऐकायला संकोच वाटतो आणि मुलगा त्या दोघांच्या मध्ये गप्प बसतो. पाच मिनिटांच्या लाजेपायी आयुष्यभराची गोष्ट जाते, आणि नंतर सगळे मिळून नशिबाला बोल लावतात.

आता तो बरा झाला. गावची जत्रा झाली, नवस फेडला, केस परत आले. पुढे काय? एक गोटी राहिली की बहुतेक पुरुषांना पुरते. हार्मोन पुरतं, शरीरसंबंध होतो, मूलही होतं. कॅन्सर संबंधातून बायकोला होत नाही. हे आपल्या समाजात ठणकावून सांगावं लागतं, कारण वेगळी खाट टाकणारी घरं आहेत. डॉक्टर केमोनंतर काही काळ, बहुधा वर्षभर, मूल होऊ देऊ नका म्हणतात, एवढंच पथ्य. पोटातल्या ग्रंथी काढण्याची मोठी शस्त्रक्रिया झाली असेल तर काहींचं वीर्य बाहेर येत नाही. सुखाची जाणीव राहते, फक्त ते कोरडं असतं. ही गोष्ट आधी सांगितलेला माणूस ती पचवतो. न सांगितलेला माणूस त्या रात्री अर्धमेला होतो आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवरचा नंबर फिरवतो.

काहींचं टेस्टोस्टेरॉन खरंच कमी पडतं. मग थकवा, चिडचिड, इच्छाच न होणं, उदासी. घरचे म्हणतात आजारपणाने खचला, सुपरवायझर म्हणतो कामचुकार झाला. सकाळी रक्त दिलं की ते कळतं आणि कमी असेल तर त्यावर औषध आहे. पण इथेही एक खड्डा आहे. जिममधल्या मित्राने टोचून दिलेलं टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन शुक्राणू तयार होणंच थांबवतं. मूल हवं असलेल्या माणसाने ते डॉक्टरांना न विचारता घेणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं. आणि ज्याचे सगळे आकडे ठीक आहेत तरी ताठरता येत नाही, त्याचं दुखणं बहुधा भीतीत असतं. मी आता पुरा पुरुष राहिलो का, हा प्रश्न त्याला पोखरतो. तो प्रश्न त्याच्या डोक्यात कॅन्सरने घातला नाही, तो आपण घातला. मर्दपणा दोन गोट्यांत असतो हे त्याने शिव्यांतून, विनोदांतून, भिंतींवरून लहानपणापासून पाठ केलंय. हवी असेल तर सिलिकॉनची गोटी बसवता येते, हेही त्याला कुणी सांगत नाही.

या केमोचे आणखी दोन ठसे आमच्या पट्ट्यात फार महागात पडतात आणि त्यांची दखल कुठेच नसते. बोटांना मुंग्या येतात, थंडीत ती पांढरी पडतात. मायक्रोमीटरचा रॅचेट बोटांच्या चिमटीत फिरवून शतांश मिलिमीटर ओळखणाऱ्या इन्स्पेक्टरचे हे हातच त्याचं पोट भरतात. दुसरं म्हणजे कान. बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात, काहींच्या कानात सतत शिट्टी वाजत राहते. असा माणूस आपण पुन्हा चारशे टनी प्रेससमोर उभा करतो. त्याला दुसरं खातं द्यावं, हे एचआरच्या साहेबांना सुचत नाही, कारण त्याला काय झालं होतं ते त्याने सांगितलेलंच नसतं. 'पोटाचं ऑपरेशन' एवढीच त्याच्या रजेच्या अर्जावरची नोंद.

तो का सांगत नाही, हेही विचारा. कंत्राटी आहे म्हणून. ईएसआयच्या, म्हणजे कामगार राज्य विम्याच्या, नियमांत कॅन्सरसाठी वाढीव आजारपणाचा लाभ आहे. पगाराच्या सुमारे ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. पण त्याला सलग दोन वर्षांची नोकरी आणि भरलेले हप्ते दाखवावे लागतात. कंत्राटदार बदलला की काही ठिकाणी नवाच विमा नंबर काढतात, जुना हिशेब तुटतो, आणि चार वर्षं घाम गाळलेला कामगार कागदावर सहा महिन्यांचा ठरतो. आजारपणाचा लाभ घेत असताना कामावरून काढता येत नाही, हा कायदा पर्मनंटला उपयोगी पडतो. कंत्राट्याला काढावं लागत नाही, गेटपास रिन्यू केला नाही की झालं.

आणि सगळ्यात शेवटी लग्नाचा बाजार. मुलाची बाजू लपवते. "तसं काही नाही, अपेंडिक्स होतं." हिंदू विवाह कायद्यात वंध्यत्व हे विवाह मोडायचं कारण नाही, नपुंसकत्वामुळे संबंध होऊच शकला नाही तर विवाह रद्द ठरू शकतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बरा झालेला बहुतेक माणूस नपुंसक नसतो. पण महत्त्वाची गोष्ट लपवून मिळवलेली संमती हेही त्याच कायद्यात विवाह रद्द करायचं कारण आहे. म्हणजे जे लपवल्याने लग्न टिकेल असं आई-बापांना वाटतं, तेच लग्नाच्या मुळावर येऊ शकतं. लग्नाआधी मुलीला, तिच्या बापाला नव्हे, मुलीलाच, दोघांत बसून सांगितलं पाहिजे. नकार आला तर आला. मोकळेपणाने सांगणाऱ्याला हो म्हणणाऱ्या मुली असतात. त्यांच्यावर विश्वास नसणं हा आपला आणखी एक नीचपणा.

कारण लपवल्याची किंमत शेवटी तीच भरते. लग्नाला दोन वर्षं झाली, पाळणा हलत नाही. सासू तिला देवाला नेते, सोळा सोमवार करायला लावते, मग डॉक्टरकडे. तिच्या नळ्या तपासतात, तिच्या पोटात दुर्बीण जाते. नवऱ्याचं वीर्य तपासायला काही शे रुपये आणि एक छोटी बाटली पुरते. ती तपासणी मात्र सगळ्यात शेवटी, किंवा कधीच नाही. नवऱ्याला ठाऊक असतं. तो मान खाली घालून बसतो आणि बायकोला 'वांझ' म्हणवून घेतो. इथे माझी सहानुभूती संपते. आजार तुझा दोष नव्हता. हे मौन तुझा दोष आहे.

या महाराष्ट्रात एक माणूस या मौनाविरुद्ध एकटा उभा राहिला होता. रघुनाथ धोंडो कर्वे, महर्षी कर्व्यांचा मुलगा, गणिताचा प्राध्यापक. १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि या मतांपायी कॉलेजची नोकरी गमावली. १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत पदरमोड करून चालवलं. वाचक पत्रं पाठवून आपल्या लैंगिक अडचणी विचारायचे आणि कर्वे त्यांना शास्त्राला धरून, न लाजता उत्तरं द्यायचे. त्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लढवली. खटला हरले, २०० रुपये दंड झाला. त्या खटल्याला नव्वद वर्षं उलटून गेली. भिंतीवरच्या 'मर्दानी कमजोरी'ला दंड करायला महापालिकेला सवड नाही, आणि खरी उत्तरं देणाऱ्याची जागा अजून रिकामीच आहे. डॉ. विठ्ठल प्रभूंचं 'निरामय कामजीवन' हे पुस्तक घराघरांत गेलं म्हणतात. गेलं खरं, पण कपाटात, साड्यांच्या घडीखाली.

मला भाषण नको, कामं हवी आहेत. दर वर्षी ४ मार्चला या पट्ट्यातल्या कंपन्या सुरक्षा दिनाची शपथ घेतात. पायाच्या अंगठ्यावर पोलादी टोपी असलेले बूट घालून पोरं रांगेत उभी राहतात. त्या सप्ताहात पंधरा मिनिटं एका डॉक्टरला द्या आणि गाठ कशी चाचपावी ते मराठीत आणि हिंदीत सांगू द्या. वार्षिक मेडिकलमध्ये डोळे, कान, छातीचा एक्स-रे होतो, तिथे हा एक प्रश्न घाला. युनियनने बोनसच्या मागण्यांत एक ओळ वाढवावी: कॅन्सरमधून आलेल्याला हलकं खातं, आणि कंत्राटदार बदलला तरी विमा नंबर तोच. सरकारने वीर्य जपण्याचा खर्च योजनेच्या पॅकेजात घालावा. आणि कॅन्सरवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी बापाला दोन मिनिटं बाहेर बसवून मुलाशी एकट्याने बोलावं. याला कसलाही निधी लागत नाही.

तुमच्या घरात, शेजारच्या खोलीत, तुमच्या लाइनवर कुणाला या कॅन्सरच्या केमोची तारीख मिळाली असेल, तर ती तारीख येण्याआधी त्याला गाठा आणि त्याने डॉक्टरांना हे विचारायला लावा: "सलाईन लावायच्या आधी माझं वीर्य जपून ठेवायचं आहे, चिठ्ठी द्या." तो लाजला तर त्याच्याबरोबर जा आणि तुम्ही विचारा.